गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ आणि आपल्या घरातील वह्या

(मंडळाच्या सांगली येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात चार शब्द बोलण्याचा मान मंडळाने आम्हांस दिला, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. आमच्यापूर्वी या व्यासपीठावरून वकील, डॉक्टर, कारखानदार अशी मोठी माणसे बोलून गेली. त्यांच्या मालिकेत बसण्याजोगी आमची योग्यता नाही. जुनी अकरावी, म्हणजे आपली वडील मंडळी जिला मॅट्रिक म्हणत, ती आम्ही १९७५ साली उत्तीर्ण झालो. पुढे शिक्षकाची पदविका घेतली आणि सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शाळांतून मुलांना बाराखडी व पाढे शिकवीत निवृत्त झालो. एवढीच आमची विद्या. तथापि चिटणीसांनी विषय मोकळा ठेवला आणि ‘गुरुजी, आपण वाचलेल्या एखाद्या पुस्तकाविषयी बोला’ असे सुचविले, म्हणून धीर झाला.

पुस्तक निवडताना आम्ही मुद्दाम एक प्रवासवर्णन निवडले आहे. आज आपल्या ज्ञातीतील मुले-मुली पुण्या-मुंबईपुरती राहिली नाहीत. जर्मनी, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथे ती स्थायिक झाली आहेत. नातवंडांकडे सहा-सहा महिने राहून आलेली कित्येक जोडपी या सभेत समोर बसलेली आम्हांस दिसत आहेत. परदेशाहून परतताना प्रत्येकाच्या खिशातील यंत्रात हजारो छायाचित्रे असतात. पण ‘तेथे काय पाहिलेत, तेथील लोक कसे राहतात, त्यांचे सुखदुःख काय,’ असे विचारले, तर बहुतेकांची गाडी ‘छान आहे, स्वच्छ आहे’ यापुढे सरकत नाही. पाहणे आणि पाहिलेले सांगता येणे, यांत किती अंतर आहे, हे आम्हांस या पुस्तकाने शिकविले.

मराठीत प्रवासवर्णनांची वाण नाही. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेतील लोकस्थितीवर लिहिलेला ग्रंथ १८८९ साली प्रसिद्ध झाला. पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ १९६० सालची. ती तर घरोघरी वाचली गेली. परंतु आज ज्या पुस्तकाविषयी बोलावयाचे आहे, त्याचा लेखक आगबोटीत बसला नव्हता, त्याला इंग्रजी येत नव्हते आणि पुस्तक लिहावे म्हणून तो घराबाहेर पडलाही नव्हता. त्याचे नाव विष्णुभट गोडसे वरसईकर, आणि पुस्तकाचे नाव ‘माझा प्रवास’.

वरसई हे पेणजवळचे, त्या वेळच्या कुलाबा व आताच्या रायगड जिल्ह्यातील गाव. विष्णुभट हे तेथील भिक्षुक ब्राह्मण. घरावर कर्ज झालेले, मिळकत तुटपुंजी. अशात वार्ता आली की, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत व त्यात लाखो रुपये खर्च होणार आहेत. तेथे दक्षिणा चांगली मिळेल, कर्ज फिटेल, जमल्यास गंगास्नानही घडेल, असा विचार करून तिशीच्या घरातील हा गृहस्थ आपले चुलते रामभट यांच्यासह १८५७ साली पायी उत्तरेकडे निघाला. त्या काळी आपले लोक नर्मदेपलीकडील मुलखाला ‘हिंदुस्थान’ म्हणत. तिकडची भाषा निराळी, अन्न निराळे, पाणी निराळे. वरसईच्या माणसाला तो परदेशच होता. घरच्यांनी मोठ्या नाराजीने परवानगी दिली. चुलता-पुतण्या चालू लागले, आणि महूच्या बाजूस त्यांना शिपाई भेटले. काडतुसांची हकीकत, पलटणींत धुमसणारा असंतोष, हे सारे त्यांनी त्या शिपायांच्या तोंडून ऐकले. परत फिरावे की पुढे जावे? दोघे पुढे गेले. दक्षिणेसाठी निघालेला भटजी अशा रीतीने सत्तावन सालच्या वणव्यात शिरला.

बंधुभगिनी हो, या पुस्तकाची थोरवी येथे आहे. त्या युद्धाविषयी सेनापतींनी लिहिले, साहेबांनी लिहिले, पुढे इतिहासकारांनी लिहिले. पण ज्याच्या हाती तलवार नव्हती आणि ज्याला कोणाचा पक्षही मांडावयाचा नव्हता, अशा मराठी माणसाने डोळ्यांनी पाहिलेले लिहून ठेवले, असे हे एकच पुस्तक आम्हांस माहीत आहे. ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, चित्रकूट, प्रयाग, काशी, अयोध्या असा त्यांचा फेरा झाला. कोठे कोणती दक्षिणा मिळाली, कोणत्या गावी पाणी कसे होते, बाजारात काय होते, कोणत्या संस्थानात कसे रीतिरिवाज होते, हे ते बारकाईने सांगतात. राणी लक्ष्मीबाईंची दिनचर्या त्यांनी दिली आहे. पहाटे उठणे, मल्लखांब व घोड्यावरची रपेट, स्नान, पूजा, मग कचेरीत बसून राज्यकारभार पाहणे, हे वाचताना ती राणी पुतळ्यावरून उतरून आपल्यासमोर चालू-बोलू लागते.

झाशीच्या वेढ्याच्या वेळी भटजी गावातच होते. मार्च १८५८ च्या उत्तरार्धात सर ह्यू रोज झाशीवर आला. तात्या टोपे मदतीस आले, पण १ एप्रिलला बेतवाकाठी त्यांचा मोड झाला. ३ एप्रिलला इंग्रजी फौज गावात शिरली आणि त्यानंतर राणी रात्रीच्या वेळी किल्ल्यातून निसटल्या. या तारखा आम्ही वर्गातील फळ्यावर कित्येक वर्षे लिहिल्या. पण रात्री आकाशातून येणारे तोफेचे गोळे खालच्या माणसाला कसे दिसतात, गावात कत्तल चालू असता घरात लपून बसलेल्या माणसाचा घसा कसा कोरडा पडतो, लूट करणारे आधी सोनेनाणे, मग भांडी, मग कपडे, मग धान्य असे पायरीपायरीने घर कसे रिकामे करतात, हे फळ्यावर कधी आले नाही. भटजींच्या पुस्तकात ते आहे. आणि विशेष हे की, आपण भ्यालो, आपण लपलो, पैसे देऊन जीव वाचविला, हे सांगण्यास ते लाजत नाहीत.

झाशीचा जुना ग्रंथसंग्रह नष्ट झाला, त्याचे दुःख त्यांनी मोठ्या कळवळ्याने लिहिले आहे. दूरदूरच्या पोथ्या तेथे जमविल्या होत्या. सोन्याची लूट पुन्हा भरून येईल, पण पोथी गेली ती गेली. आपण सांगलीकरांना हे दुःख वेगळे सांगावयास नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाशी कृष्णेचे पाणी सत्तावन फुटांवर गेले, तेव्हा येथील जुन्या नगरवाचनालयातील हजारो ग्रंथ चिखलात गेले. आम्ही पूर ओसरल्यावर येथे आलो होतो. फुगलेल्या पुस्तकांचे ढीग पाहून आम्हांस भटजींची आठवण झाली होती.

काल्पीच्या वाटेवरील प्रसंग तर कोणीही विसरू शकणार नाही. पराभवानंतर धुळीने भरलेल्या, तहानेने व्याकूळ झालेल्या राणी लक्ष्मीबाई एका विहिरीपाशी आल्या. भटजी तेथेच होते. ते पाणी शेंदण्यास पुढे झाले, तेव्हा बाईंनी त्यांना थांबविले. आपण विद्वान ब्राह्मण आहात, आपण शेंदू नये, आम्हीच शेंदून घेतो, अशा अर्थाचे त्या बोलल्या आणि मडक्याने स्वतः पाणी काढून प्यायल्या. राज्य गेलेले, पाठीवर शत्रू, तरी माणसाशी वागण्याची रीत सुटली नाही. पुढे जून १८५८ मध्ये ग्वाल्हेर येथे त्यांचा अंत झाला. विहिरीवरचा हा क्षण सरकारी कागदात कोठून सापडणार? तो एका दरिद्री भिक्षुकाने लिहून ठेवला म्हणून आज आपल्याला ठाऊक आहे.

आता कोणी म्हणेल, गुरुजी, झाशीचा आणि आम्हा सातारा-सांगलीकरांचा काय संबंध? संबंध फार जवळचा आहे. दत्तक नामंजूर करून राज्य खालसा करण्याची जी टूम डलहौसीने काढली, तिचा पहिला घास आपले सातारा होते. १८४८ साली शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज वारले आणि सातारचे राज्य खालसा झाले. झाशीच्या गंगाधररावांच्या मृत्यूनंतर १८५४ साली तीच कुऱ्हाड झाशीवर पडली. छत्रपती प्रतापसिंह महाराजांना १८३९ साली पदच्युत करून काशीस पाठविले होते; त्यांची फिर्याद घेऊन रंगो बापूजी लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तेथे झगडले. पुढे सत्तावन साली सातारच्या कटाचा स्फोट झाला, तेव्हा ८ सप्टेंबर १८५७ रोजी गेंडामाळावर सतरा जणांना देहान्त शिक्षा झाली. स्वतः रंगो बापूजी गुप्त झाले, ते पुन्हा कोणास दिसले नाहीत. ज्या दिवशी आपल्या गेंडामाळावर हे घडत होते, त्या दिवसांत वरसईचे भटजी उत्तरेत भटकत होते. गेंडामाळावर त्या दिवशी जमलेल्या गर्दीत आपलेही कोणी पूर्वज उभे असतील. बाजाराला आलेले असतील, गुरे घेऊन निघालेले असतील. त्यांनी काय पाहिले? घरी येऊन काय सांगितले? आपल्यापैकी एकाच्याही घरी त्याचा कागद नाही.

आणखी एक संबंध सांगतो. राणी लक्ष्मीबाईंचे चरित्र मराठीत १८९४ साली लिहिले ते दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी. त्यांची कर्मभूमी सातारा. जुने कागद, चित्रे, दप्तरे यांचा मोठा संग्रह त्यांनी साताऱ्यात उभा केला. म्हणजे कागद जपण्याची विद्या आपल्या जिल्ह्याला नवी नाही. आणि सांगली तरी वेगळी कोठे होती? १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ म्हणून जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. आपली सोयरीक तर त्याआधीपासून कृष्णेच्या दोन्ही काठांवर पसरलेली आहे.

आता हे पुस्तक कसे झाले ते ऐका, कारण आमच्या बोलण्याचा मुद्दा त्यात आहे. भटजी सुमारे अडीच-तीन वर्षांनी घरी परतले. जमविलेली दक्षिणा वाटेत लुटली गेली होती. कर्ज फेडण्यास गेलेला मुलगा खांद्यावर गंगेची कावड घेऊन आला आणि त्या पाण्याने त्याने आईबापांना स्नान घातले. त्यानंतर पंचवीस वर्षे गेली. १८८३ च्या सुमारास चिंतामणराव वैद्य यांनी आग्रह केला, तेव्हा भटजींनी आठवून आठवून ही हकीकत लिहिली. इंग्रज सरकारची भीती होती, म्हणून आपल्या हयातीत हे छापू नये, अशी अट होती. वैद्यांनी ती पाळली आणि भटजींच्या मागे १९०७ साली पुस्तक प्रसिद्ध केले.

वैद्य मोठे विद्वान होते. त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे, कारण त्यांनी आग्रह केला नसता तर एक ओळही उरली नसती. परंतु छापताना त्यांनी भटजींच्या लेखनावर पुष्कळ हात फिरविला. भाषा सफाईदार केली, काही गाळले, काही बदलले. काळही तसा होता; राज्य परक्याचे होते. सुदैवाने भटजींचे मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात राहिले, आणि महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली ते जसेच्या तसे छापले. तेव्हा लोकांना भटजींचा खरा आवाज ऐकू आला. वाक्ये लांबलचक, शुद्धलेखनाचा पत्ता नाही, विरामचिन्हे नाहीत. पण वाचताना ओसरीवर बसून एखादा वृद्ध गृहस्थ आपल्याशी बोलत आहे असे वाटते. पुढे या पुस्तकाची हिंदी व इंग्रजी भाषांतरे झाली.

भटजींच्या चुका नाहीत असे नव्हे. पंचवीस वर्षांनंतर आठवून लिहिलेल्या मजकुरात तारखा चुकणार. जे स्वतः पाहिले नाही, नुसते ऐकले, त्यात अतिशयोक्ती आली आहे. त्यांच्या काळचे आणि जातीचे ग्रहही त्यांच्या लेखणीतून उतरले आहेत. ते वाचताना आपण पाहिलेले आणि ऐकलेले यांची निवड करीत वाचले पाहिजे. पण जे पाहिले ते त्यांनी न लपविता लिहिले, आणि म्हणून चुकांसह त्या पुस्तकाचे मोल आहे.

बंधुभगिनी हो, हे आम्हांस फार उशिरा समजले. त्याची किंमत काय पडली ते सांगितल्याशिवाय हे भाषण पुरे व्हावयाचे नाही. जी गोष्ट आम्ही घरातही फारशी बोललो नाही, ती आज ज्ञातीसमोर सांगत आहोत.

आमचे एक चुलते होते. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. चौथीपर्यंत शिकलेले. दुसऱ्या महायुद्धात ते मराठा पलटणीत भरती झाले आणि आठव्या हिंदी डिव्हिजनबरोबर इटलीत गेले. लढाई संपल्यावर गावी आले, शेती केली आणि चारचौघांसारखे जगले. युद्धाविषयी फारसे बोलत नसत. १९८० च्या सुमारास एका पावसाळ्यात त्यांनी शाळेतील मुलांसारखी शंभर पानी वही विकत आणली आणि शिसपेन्सिलीने लिहावयास सुरुवात केली. दोन महिन्यांनी ती वही त्यांनी आमच्या हाती दिली आणि म्हणाले, “बाळ, तू मास्तर हायेस. बघ जरा कसं जमलंय ते.”

आमची नोकरी तेव्हा नवी होती आणि नोकरीपेक्षा ताठा मोठा होता. आम्ही वही घरी आणली आणि तांबड्या शाईचे पेन घेऊन बसलो. नानांनी ‘पानी’ लिहिले होते, तेथे ‘पाणी’ केले. ‘आमी’चे ‘आम्ही’ केले. ‘न्हवतं’चे ‘नव्हते’ केले. इटलीतील गावांची नावे चुकली होती, त्यांखाली रेघा मारल्या. एके ठिकाणी त्यांनी लिहिले होते की, ज्या खेचरावर दारूगोळा लादून ते डोंगर चढत, ते खेचर गोळा लागून पडले, तेव्हा आपण लहान पोरासारखे रडलो. त्या परिच्छेदाच्या समासात आम्ही लिहिले, ‘या मजकुराची आवश्यकता नाही.’

वही परत केली तेव्हा नानांनी ती पानोपान चाळली. रागावले नाहीत. “बरं केलंस बाळ,” एवढेच म्हणाले, “आमाला कुठं लिवाय येतंय.” त्यांनी वही ट्रंकेत ठेवली. सुमारे वीस पाने कोरी होती. ती कोरीच राहिली. आम्हांस त्या वेळी त्यात काही वावगे वाटले नाही. उलट एक काम नीट केले असे वाटले. १९९४ साली नाना वारले.

निवृत्तीनंतर सातारच्या वाचनालयात आम्हांस पोतदारांनी छापलेला ‘माझा प्रवास’ मिळाला. भटजींच्या त्या ओबडधोबड, जिवंत वाक्यांतून जाताना आम्ही एकाएकी थांबलो. नानांची वही डोळ्यांपुढे आली. वैद्यांनी भटजींची भाषा बदलली, तरी मूळ कागद सांभाळून ठेवला होता. आम्ही तर मूळ कागदावरच तांबडी शाई चालविली, आणि लिहिणाऱ्या माणसाचा हात कायमचा थांबविला. ज्या माणसाने समुद्र ओलांडला, परक्या देशात दोन हिवाळे काढले आणि ते सांगावेसे वाटले म्हणून साठीच्या उंबरठ्यावर पेन्सिल हाती धरली, त्याला आम्ही काय दिले? ‘पाणी’चा ण!

नानांची वही आमच्या चुलतभावाकडे, येथे सांगलीच्या गावभागात होती. जाऊन ती उतरवून घ्यावी, असे आम्ही ठरविले. पण एकदा घरचे लग्न आले, एकदा गुडघा दुखावला, एकदा ‘दिवाळीनंतर बघू’ झाले. आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आली. भावाच्या घराचा तळमजला कित्येक दिवस पाण्यात होता. ट्रंक पाण्याखाली गेली.

पूर ओसरल्यावर भावाने वही उन्हात वाळविली व आम्हांस बोलाविले. पुष्कळ पाने एकमेकांस चिकटून त्यांचा लगदा झाला होता. तांबडी शाई फुटून पानांवर डाग पसरले होते. पण शिसपेन्सिल पाण्याने जात नाही. डागांखालून नानांची अक्षरे वाचता येत होती. आम्ही भिंग घेऊन बसलो आणि महिनाभरात एकतीस पाने उतरवून काढली. या खेपेस काना-मात्रेतही बदल केला नाही.

त्या एकतीस पानांत काय आहे? टारांटो बंदरात उतरल्याची हकीकत आहे. ऑलिव्हची फळे जांभळे समजून तोंडात घातली व कडू लागली म्हणून थुंकली, ते आहे. शेतकऱ्यांच्या घरी आढ्याला मक्याची कणसे टांगलेली पाहून आपल्या घराची आठवण आली, ते आहे. वाटेवर दगडी देवळीत मरियमेची मूर्ती असते, बायका तिच्यापुढे दिवा लावतात व वाकून नमस्कार करतात, आपल्या मरीआईसारखेच, असे नाना लिहितात. सांग्रो नावाची नदी त्यांनी वर्णिली आहे. एरवी लहान, पण पावसाने फुगली आणि पूल वाहून गेले. ती पाहून आपल्याला कृष्णेचा पूर आठवला, असे त्यांनी लिहिले आहे. एका म्हातारीने बर्फात उभ्या असलेल्या शिपायांना घरात घेऊन शेकोटीजवळ बसविले. तिचे दोन मुलगे युद्धात गेले होते. तिची भाषा यांना येत नव्हती, यांची तिला येत नव्हती. तिने भाकरीचा तुकडा मोडून दिला. तिचे नाव पुढच्या पानावर असावे, कारण वाक्य अर्धे राहिले आहे. पुढचे पान लगद्यात गेले.

खेचराचे पान उरले आहे. समासातील आमचा शेरा पुसला गेला आहे. पण आम्हांस तो पाठ आहे.

मंडळी, आम्ही हे सांगितले ते आपली सहानुभूती मिळावी म्हणून नव्हे. आपल्या ज्ञातीच्या प्रत्येक घरात अशी एखादी वही, एखादी पत्रांची पिशवी, एखादी जुनी कीर्द, किंवा एखादे म्हातारे माणूस आहे. कोणी सैन्यात होते, कोणी गिरणीत, कोणी रेल्वेत. कोणी काशीयात्रा केली, कोणी १९६७ चा कोयनेचा भूकंप पाहिला, कोणी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली. आमच्या भगिनींपैकी कित्येक जणी मुलीच्या बाळंतपणासाठी परदेशी जाऊन, भाषा येत नसता, तेथील बाजार आणि शेजार सांभाळून आल्या. त्यांना कोणी प्रवासी म्हणत नाही. पण गोडसे भटजींना तरी त्या वेळी कोण म्हणत होते?

म्हणून मंडळापुढे आम्ही तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, दरवर्षीच्या स्मरणिकेत चार पाने आपल्या ज्येष्ठ स्त्री-पुरुषांच्या प्रत्यक्ष अनुभवांसाठी राखून ठेवावीत. मान्यवरांच्या छायाचित्रांची चार पाने कमी झाली तरी चालेल. दुसरी, हा मजकूर त्यांच्या स्वतःच्या भाषेत छापावा. ज्याला लिहिता येत नाही त्याने बोलावे व नातवाने उतरून घ्यावे. पाहिलेले कोणते आणि ऐकलेले कोणते, एवढे मात्र विचारून वेगळे नोंदवावे. तिसरी, ज्या घरी जुने कागद आहेत त्यांच्या प्रती काढून एक प्रत मंडळाकडे द्यावी, आणि मूळ कागद, कृष्णाकाठच्या मंडळींनी विशेषेकरून, माळ्यावर ठेवावेत, ट्रंकेत तळमजल्यावर नव्हे.

आणि सभेत जे शिक्षक बसले आहेत, त्यांना एक विनंती. मुलांची शुद्धलेखनाची वही तांबड्या शाईने अवश्य तपासा. ते आपले कर्तव्यच आहे. पण घरातील वडील माणूस जेव्हा वही घेऊन आपल्यापाशी येईल, तेव्हा पेन खिशात ठेवा. वही दोन्ही हातांनी घ्या, शेवटपर्यंत वाचा, आणि एवढेच विचारा, “पुढे काय झाले?”

नानांची ती एकतीस पाने आम्ही मंडळाच्या स्वाधीन करीत आहोत. छापावयाची असल्यास ‘पानी’ हे ‘पानी’च राहू द्यावे, एवढी आमची प्रार्थना आहे.